दोन विमानतळ आणि एक पॅसेंजर

अकोला आणि अमरावती या दोन्ही शहरांना विमानतळ आहे. अकोल्याचा शिवणीला आणि अमरावतीचा बेलोऱ्याला. या दोन विमानतळांच्या दरम्यान प्रवासी विमान उडत नाही आणि ते उडावे अशी कुणाची मागणीही नाही. तरीसुद्धा 2025 च्या जुलै महिन्यात आमच्या दहावीच्या वर्गाने या दोन ठिकाणांमधले हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ यांचा रीतसर हिशोब मांडला. त्या हिशोबातून पुढे जे निघाले ते गणिताच्या वहीत मावणारे नव्हते. म्हणून हा लेख.

मी अकोल्यातील एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये गणित आणि भूगोल शिकवते. माहेर अकोल्याचे, सासर अमरावतीचे. म्हणजे लग्नानंतर नोकरी माहेरी आणि संसार सासरी अशी माझी वाटणी झाली. त्यामुळे रोजचे अप-डाउन आले. वऱ्हाडात अप-डाउन हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मास्तर, तलाठी, नर्स, बँकेतले कारकून, कोर्टातले शिपाई, निम्मा वऱ्हाड रोज सकाळी एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो आणि संध्याकाळी परत येतो.

विमानाचा विषय निघाला तो बेलोऱ्यामुळे. 16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीहून मुंबईला पहिले प्रवासी विमान उडाले. उडान योजनेतील अलायन्स एअरची ती सेवा. बहात्तर आसनांचे, पंख्यांचे एटीआर विमान, सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. त्यासाठी बेलोऱ्याची धावपट्टी 1,372 मीटरवरून 1,850 मीटर करण्यात आली होती. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा मुलींच्या तोंडी तोच विषय. अकोल्याच्या मुलींना त्याचे जरा वाईटही वाटत होते. एक म्हणाली, "मिस, हमारा शिवणी का तो उनसे पुराना है ना?"

तिचे खरे होते. शिवणीचा विमानतळ 1943 सालचा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. धावपट्टी जेमतेम चौदाशे मीटरची. मोठ्या विमानांच्या नियमित सेवेसाठी ती अठराशे मीटर करायची म्हटले, की शेजारच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नात वर्षांमागून वर्षे गेली. म्हणून विमानतळ जुना असूनही विमान नव्याच्या वाट्याला गेले. मी हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, तोही आमच्या वऱ्हाडी वळणाचा. "तो मिस, अकोला से अमरावतीच काहून नाही जात विमान? कितना टाइम लगेगा?"

वर्ग हसला. मी मात्र फळ्याकडे वळले. दहावीच्या वर्गाला इतका चांगला सवाल आयता मिळतो कुठे?

आमच्या उर्दू भूगोलात अक्षांशाला अर्ज बलद म्हणतात आणि रेखांशाला तूल बलद. बलद म्हणजे शहर. शब्दशः पाहिले तर शहराची रुंदी आणि शहराची लांबी. शिवणीचा विमानतळ सुमारे 20 अंश 42 मिनिटे उत्तर आणि 77 अंश साडेतीन मिनिटे पूर्व या जागी आहे. बेलोऱ्याचा सुमारे 20 अंश 49 मिनिटे उत्तर आणि 77 अंश 43 मिनिटे पूर्व. म्हणजे उत्तर-दक्षिण फरक सात मिनिटांचा आणि पूर्व-पश्चिम फरक साडेएकोणचाळीस मिनिटांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेकडे जाताना आक्रसत जातो आणि आपल्या वऱ्हाडापर्यंत येता येता 104 किलोमीटरवर येतो. त्रैराशिक मांडले तेव्हा उत्तरेकडे तेरा किलोमीटर आणि पूर्वेकडे साडेअडुसष्ट किलोमीटर आले. मग फिसागोरसचा सिद्धान्त. तेराचा वर्ग, साडेअडुसष्टचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर आले सत्तर किलोमीटर, थोडे कमीच.

एटीआर विमानाचा आकाशातला वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास असतो. सत्तर भागिले पाचशे. साडेआठ मिनिटे!

वर्गात जो गलबला झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला असणार. साडेआठ मिनिटांत मूर्तिजापूरचा चहासुद्धा पिऊन होत नाही.

गणित बरोबर होते, पण ते तिथेच सोडले असते तर मुलींची फसवणूक झाली असती. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना अमरावती-मुंबई विमानाचे वेळापत्रक दिले. ही सेवा सुरू झाली तेव्हा विमान दुपारी अडीच वाजता मुंबईहून निघून सव्वाचार वाजता बेलोऱ्याला उतरत असे. म्हणजे पावणेदोन तास. आता हवाई अंतर काढा, म्हटले. ते आले सुमारे 540 किलोमीटर. ताशी पाचशेच्या वेगाने पासष्ट मिनिटे व्हायला हवीत. मग वरची चाळीस मिनिटे गेली कुठे?

ती टोकांना गेली. विमान जागेवरून हलते, धावपट्टीच्या तोंडापर्यंत रांगत जाते, परवानगीची वाट पाहते, चढते. चढताना त्याचा वेग पूर्ण नसतो. उतरताना वेग कमी करावा लागतो, वळसा घालून धावपट्टीच्या रेषेत यावे लागते, मुंबईसारख्या ठिकाणी रांगेत थांबावे लागते. शिवणी ते बेलोरा विमान खरोखर सोडले तर आकाशातली साडेआठ मिनिटे कागदावरच राहतील. चढणे संपते न संपते तोच उतरणे सुरू होईल आणि जागेवरून हलल्यापासून थांबेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे तरी जातील.

हा झाला विमानाचा वेळ. माणसाचा वेळ आणखी वेगळा. आमच्या ताजनापेठेतल्या माणसाने शिवणीला जायचे, विमान सुटण्याच्या निदान तासभर आधी पोहोचायचे, सामान तपासून घ्यायचे, बेलोऱ्याला उतरायचे आणि तिथून अमरावती शहर पुन्हा पंधरा किलोमीटर. मुलींनी तक्ता केला. घर ते विमानतळ पाऊण तास, थांबणे एक तास, विमान पंचवीस मिनिटे, बाहेर पडणे पंधरा मिनिटे, शहरात पोहोचणे पाऊण तास. एकूण तीन तास दहा मिनिटे. आकाशात खरी धाव साडेआठ मिनिटांची, जमिनीवर तीन तास!

माझा रोजचा तक्ता मी त्यांच्या शेजारी मांडला. वलगाव रोडवरच्या घरापासून बडनेरा स्टेशनपर्यंत ऑटोने चाळीस मिनिटे. अमरावती शहर मुंबई-नागपूर मुख्य लोहमार्गावर नाही, त्यासाठी बडनेऱ्याला जावे लागते हे वाचकांना ठाऊक आहेच. फलाटावर वाट पाहणे वीस मिनिटे. बडनेरा ते अकोला 79 किलोमीटर, सव्वा तास. गाडी मेमूची झाली तरी लोक तिला अजून पॅसेंजरच म्हणतात. कुरूम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव करत ती अकोल्याला लागते. तिथून शाळेपर्यंत वीस मिनिटे. बेरीज दोन तास पस्तीस मिनिटे. म्हणजे आमच्या पॅसेंजरने विमानाला पस्तीस मिनिटांनी मागे टाकले. टाळ्या वाजल्या. अकोल्याच्या मुलींचे शिवणीविषयीचे दुःख बरेच कमी झाले.

युरोपातल्या लोकांनी हा हिशोब कायद्यात आणला आहे. फ्रान्समध्ये मे 2023 पासून, जिथे रेल्वेने अडीच तासांच्या आत पोहोचता येते तिथे देशांतर्गत विमानसेवा बंद केली गेली. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लियों या शहरांना जाणारी विमाने त्यात थांबली. हेतू धूर कमी करण्याचा, पण त्यामागे हाच तक्ता आहे. मधला भाग कितीही वेगाने कापला तरी दोन्ही टोकांचा वेळ कमी होत नाही.

याची दुसरी बाजूही मी मुलींना सांगितली. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटे आहेत. तिथल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये 1967 पासून लोगनएअरचे विमान उडते. अंतर पावणेतीन किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटे. वारा अनुकूल होता तेव्हा एकदा ते त्रेपन्न सेकंदांत पोहोचले. जगातली सर्वांत लहान नियमित विमानसेवा म्हणून तिची नोंद आहे. एवढ्याशा अंतराला विमान कशाला? मध्ये समुद्र आहे म्हणून. त्या चिमुकल्या विमानातून डॉक्टर जातात, रुग्ण जातात आणि फिरते शिक्षकही जातात. विमानतळ म्हणजे एक लहान मैदान, घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथे टोके जवळ जवळ नाहीतच आणि मधला भाग अडचणीचा आहे. आपल्याकडे उलट. आपला मधला भाग सपाट आहे, काळ्या मातीचा, कापसाचा आणि तुरीचा. अडचण आहे ती टोकांना.

रस्त्याचेच पाहा. अमरावती-अकोला हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग सहा, आता त्रेपन्न. त्याची दुर्दशा आम्ही वर्षानुवर्षे भोगली. मग जून 2022 मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा एकेरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला. रात्रंदिवस सातशेवीस माणसे राबली. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, पंचवीस किलोमीटरचा, त्याला दहा दिवस लागले होते. त्या दिवसांत आमच्या गाडीतले प्रवासी खिडकीतून दिव्यांच्या रांगा पाहायचे. रस्ता झाला आणि शहराच्या वेशीपासून वेशीपर्यंतचा वेळ खरोखर कमी झाला. पण वेशीच्या आत, गल्लीपासून स्टँडपर्यंत, स्टँडपासून कॉलेजपर्यंत, वेळ होता तेवढाच राहिला.

अंतर आणि वेळ यांचा हा संबंध आपल्या जुन्या लोकांना चांगला माहीत होता. प्रवासात नमाज कसर करावी ती किती अंतरावर, हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. हनफी फिक्हमध्ये याचे मूळ माप तीन दिवसांच्या वाटचालीचे आहे, म्हणजे वेळेचे. मैल नंतर आले. आपल्याकडच्या आलिमांनी त्याचा हिशोब अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे सव्वासत्याहत्तर किलोमीटर असा बसवला. आणि अंतर धरायचे ते माणसाने जी वाट धरली तिचे, सरळ रेषेचे नाही. गंमत अशी की अकोला-अमरावती नेमके या रेषेवर येते. नकाशावर सत्तर, लोहमार्गाने एकोणऐंशी, सडकेने पंचाण्णवच्या आसपास. आमच्या डब्यातल्या दोन बुजुर्ग बाया यावर रोज वाद घालतात. अंतर शहराच्या हद्दीपासून मोजायचे असते, हे एकीचे म्हणणे. दुसरी स्टेशनापासून मोजते. मी त्यात पडत नाही, तो मुफ्तीसाहेबांचा प्रांत. मला यातली एकच गोष्ट मोलाची वाटते. प्रवास किती मोठा हे ठरवताना आपल्या फकिहांनी चालणाऱ्या माणसाचे पाय डोळ्यांसमोर ठेवले होते.

अल्-बिरुनीची गोष्ट मी वर्गात याच ओघात सांगितली. गझनी शहराचे नेमके स्थान काढण्यासाठी त्याने एक ग्रंथ लिहिला, तो 1025 साली पूर्ण झाला. दोन शहरांमधले अंतर काढताना काफिल्यांच्या वाटेचे अंतर घ्यायचे, वाटेतल्या वळणांपोटी त्यातून काही भाग वजा करायचा आणि मग उरलेल्यावर गणित करायचे, अशी त्याची रीत. आमच्या पंचाण्णवचे सत्तर होतात ते याच वजाबाकीने. आकाशातून पाहणाऱ्याला सत्तर दिसतात. वळणांचे पंचवीस किलोमीटर जमिनीवरच्या माणसाच्या वाट्याला येतात.

इथपर्यंत सगळा वर्गातला आनंद होता. ऑगस्टमध्ये हाच हिशोब मला एका घराच्या ओसरीवर बसून करावा लागला.

आमच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी दहावी झालेली एक मुलगी. बारावी सायन्स झाली, सीईटीत चांगले गुण पडले आणि कॅपच्या दुसऱ्या फेरीत तिचे नाव अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात लागले. 1964 सालचे हे कॉलेज. आमच्या भागातल्या मुलीचे नाव तिथे लागावे ही लहान गोष्ट नाही. पाच दिवसांत प्रवेश घ्यायचा होता आणि घर नको म्हणत होते. मुलगी शाळेत आली. रडली नाही, फक्त म्हणाली, "मिस, आप एक बार अब्बा से बात करो."

वडील फळांचे व्यापारी. बागवान. मी गेले तेव्हा ते मोसंबीचे क्रेट उतरवून नुकतेच आले होते. चहा आला. मी आधी पैशांचा विषय काढला, कारण आजवर आमच्याकडे गाडी तिथेच अडत आली आहे. ते म्हणाले, "मॅडम, फीस की बात नहीं. फीस तो माफ है." खरेच होते. राज्य शासनाने जुलै 2024 मध्ये निर्णय काढला, की कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. बागवान समाज ओबीसीत येतो. त्यांनी दाखलेही काढून ठेवले होते.

"फिर?"

"दूरी है मॅडम. अमरावती बहुत दूर पडता."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. संत्र्याच्या हंगामात हे गृहस्थ आठवड्यातून तीनदा वरूड-मोर्शीच्या बागांना जातात. वरूड अमरावतीच्याही पुढे, कितीतरी पुढे. रात्री ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जातात, पहाटे माल भरतात, दुपारी अकोल्यात. त्यांना मी विचारले, "भाई, आप वरूड को दूर बोलते क्या?" ते हसले. म्हणाले, "वो तो बाजू में है."

म्हणजे संत्र्यासाठी वरूड बाजूला आणि मुलीसाठी अमरावती दूर. मी हे टोचून बोलले नाही. बापाला मुलीची काळजी असते, त्यात हसण्यासारखे काही नाही. पण त्यांच्या मनात दूर या शब्दाचा अर्थ काय आहे ते मला कळेना. तेव्हा पडद्याआडून मुलीची अम्मी बोलली. तिने माझे काम सोपे केले.

ती म्हणाली, "गाडी का डर नहीं बाजी. गाडी में तो लेडीज डब्बा है, दस औरतां रहतीं. बडनेरा से कॉलेज तक का कौन देखेगा? और शाम को गाडी लेट हुई तो टेसन से घर तक का?"

या बाईने शाळेचे तोंडही पाहिले नसेल. आमच्या वर्गाला दोन दिवस लागले ती गोष्ट तिने दोन वाक्यांत मांडली. तिला एकोणऐंशी किलोमीटरची भीती नव्हती. तिची भीती बडनेऱ्यापासूनच्या दहा-बारा किलोमीटरची आणि अकोला स्टेशनपासूनच्या अडीच किलोमीटरची होती. आम्ही शिकलेली माणसे अशा घरी जातो आणि मधल्या भागावर भाषण देतो. जमाना बदलला, मुली विमान चालवतात, अमरावती म्हणजे काय अमेरिका आहे का, वगैरे. ते सगळे खरे असते आणि कामाचे नसते. आईचा प्रश्न टोकांचा असतो, त्याला उत्तरही टोकांचेच लागते.

मला माझे अब्बा आठवले. माझे बी.एड. अमरावतीत झाले, तेव्हा आम्ही अकोल्यात राहत होतो. मोहल्ल्यातून रोज बाहेरगावी शिकायला जाणारी मी पहिली. अब्बा पहिले आठ दिवस माझ्याबरोबर आले. गाडीत ते जनरल डब्यात बसायचे, मी लेडीज डब्यात. बडनेऱ्याला उतरून ते ऑटोवाल्यांशी बोलायचे, कोणता ऑटो कॉलेजवरून जातो ते पाहायचे, कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याशी त्यांनी ओळख करून घेतली. दिवसभर तिथेच मशिदीत आणि हॉटेलात वेळ काढायचे. नवव्या दिवशी म्हणाले, "अब मैं नहीं आता." अब्बांनी मला कधी हिंमत ठेव वगैरे सांगितले नाही. त्यांनी दोन्ही टोके नीट बांधून दिली आणि बाजूला झाले.

म्हणून त्या ओसरीवर मी कागद घेतला आणि टोकांचा हिशोब मांडला. अकोल्याच्या टोकाला सकाळी वडील मंडीत जातातच, जाताना मुलीला स्टेशनवर सोडायचे. संध्याकाळी गाडीने बोरगाव सोडले की मुलीने फोन करायचा, भावाने स्टेशनवर यायचे. बडनेऱ्याच्या टोकासाठी माझा उपयोग नव्हता, कारण मी उलट दिशेने येते. मुलगी जाईल तेव्हा मी येत असेन. पण रोज संध्याकाळी अकोल्याच्या फलाटावर मी चढते त्या वेळी समोरच्या गाडीतून तीन शिक्षिका उतरतात. त्या अकोल्यात राहतात आणि अमरावतीत शिकवतात. एक आपल्यातली, दोघी मराठी शाळेतल्या. आमची ओळख फलाटावरच्या हसण्याएवढीच होती. मी दुसऱ्या दिवशी त्यांना थांबवून विचारले. त्यांच्यापैकी सगळ्यांत वयस्क बाई वऱ्हाडी ठसक्यात म्हणाल्या, "घेऊन जातो ना माय, त्याच्यात काय एवढं! आमचा ऑटो कठोरा नाक्यावरूनच जाते."

कठोरा नाक्यावर ते कॉलेज आहे.

वडील पहिले चार दिवस स्वतः गेले. मीच सुचवले होते. त्यांनी ऑटो पाहिला, त्या तिघी बाया पाहिल्या, कॉलेजचे फाटक पाहिले, मुलींचे वसतिगृहही बाहेरून पाहून आले. परत आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, इतना दूर नहीं है." अंतर तेवढेच होते, एका मीटरने कमी झाले नव्हते. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत अप-डाउन करायचे आणि मग विचार करू, असे ठरले. रोजचे पाच तास प्रवासात घालवून अभियांत्रिकीचा अभ्यास होत नाही हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्या दिवशी त्यांनी वसतिगृह हा शब्दसुद्धा ऐकून घेतला नव्हता. दिवाळीनंतर यादीत नाव आले तेव्हा अम्मीनेच पेटी भरून दिली.

हे एका घराचे झाले. सगळीकडे असे होत नाही. त्याच महिन्यात दुसऱ्या एका मुलीचे नाव परगावच्या नर्सिंगला लागले होते. तिथेही मी गेले, कागद मांडला. पण त्या गावच्या टोकाला ओळखीचे कुणीच नव्हते. कागदावरचा तो रकाना रिकामा राहिला. मुलगी आता घरी शिवणकाम करते. तिच्या वडिलांना मी दोष देऊ शकत नाही. रिकाम्या रकान्याची बेरीज कशी करणार?

वर्गातल्या त्या तक्त्याला आम्ही पुढे घर ते घर असे नाव दिले. आता प्रत्येक मुलीने एक ठिकाण निवडायचे आणि तक्ता भरायचा असा उपक्रम आहे. कुणी नागपूर निवडते, कुणी औरंगाबाद, कुणी मुंबई. किलोमीटर किती, गाडीचा वेळ किती, टोकांचा वेळ किती. गेल्या खेपेला एका मुलीने माझ्या तक्त्याला स्वतःचा एक रकाना जोडला. त्यावर लिहिले होते: वहाँ अपना कौन है? मी तो रकाना तसाच ठेवला. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात तो छापूनच देणार आहे.

बेलोऱ्याहून आणखी विमाने उडोत, शिवणीची धावपट्टी लांब होवो, आपल्याला आनंदच आहे. मुंबईला डायलिसिससाठी, व्हिसासाठी, मुलाखतीसाठी जाणाऱ्या माणसाचे त्यामुळे भले होईल. पण मधला भाग बांधणारे शासन आहे, कंपन्या आहेत, सातशेवीस माणसे लावून पाच दिवसांत पंचाहत्तर किलोमीटर डांबर टाकणारे ठेकेदार आहेत. टोके बांधायला कुणी ठेकेदार येत नाही. ते काम त्या त्या गावात राहणाऱ्या माणसांचे आहे.

हा अंक वऱ्हाडात आणि वऱ्हाडाबाहेरही वाचला जातो, म्हणून एक विनंती करते. तुम्ही अमरावतीत, नागपुरात, औरंगाबादेत, पुण्यात स्टेशनच्या किंवा कॉलेजच्या आसपास राहत असाल, तर आपल्या जुन्या शाळेच्या हेडमास्तरांना एवढेच कळवा, की या गावात मी आहे आणि सकाळी या वेळेला स्टेशनवर येऊ शकतो किंवा येऊ शकते. पैसे नकोत, भाषण नको, सत्कार नको. आमच्या दहावीत या वर्षी एकतीस मुली आहेत. दोघींना अमरावतीला जायचे आहे, एकीला नागपूरला, एकीला तर थेट पुण्याला. किलोमीटर सगळ्यांनी काढून ठेवले आहेत. शेवटचा रकाना भरायचा राहिला आहे.